तांब्याभर पाण्याची नोंद

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

अमरावतीहून दोन वह्या घेऊन आलो. प्रशिक्षण देणारे साहेब म्हणाले की सुरक्षा पाहणाऱ्या माणसानं रोजची नोंद ठेवावी. एक वही कारखान्यात राहील. तिच्यात मी हुशार असेन. ही दुसरी घरी, कपाटात शकुनच्या साड्यांखाली राहील, आणि हिच्यात मी जसा आहे तसा. शकुन माझी बायको. ती साड्या वर्षातून दोनदा काढते, म्हणजे वही सुरक्षित आहे.

तर मी, जीवन गावंडे, बार्शीटाकळीचा, बावीस वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देणारा, आता सुरक्षा प्रमुख झालो आहे. तेही जांभई दिल्यामुळे. आमचं सरकीचं तेल जी मोठी कंपनी घेते, तिनं कळवलं की सुरक्षेसाठी वेगळा माणूस नेमा, दहा मार्चला आम्ही तपासायला येतो. मालकांनी, म्हणजे भगवंतरावांनी, ऑफिसभर नजर फिरवली. सगळ्यांनी पटापट फोन कानाला लावले. मी जांभई देत होतो. ते म्हणाले, गावंडे, तू रिकामा दिसतो.

तपासणी नीट झाली तर पद पक्कं. नाही झाली तर स्टोअरला परत, पण माझी खुर्ची त्याच दुपारी माझ्या हाताखालच्या सागरला दिली आणि त्यानं तिच्यावर टॉवेलही टाकून ठेवला. म्हणजे परतीची गाडी सुटलेली आहे.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं, मुख्यतः थर्मिकवर. आमच्याकडे सरकीचं तेल शुद्ध करताना खूप तापवावं लागतं, आणि ते थेट आगीवर तापवत नाहीत. भट्टीत दुसरंच एक तेल अडीचशे डिग्रीच्या वर तापतं, नळ्यांतून फिरतं, आपली गरमी सरकीच्या तेलाला देतं आणि परत येतं. या फिरत्या तेलाला सगळे थर्मिक म्हणतात. वाफ नाही, बुडबुडे नाहीत, थंड आहे की गरम ते बघून कळत नाही. साहेब म्हणाले, माणूस इथंच फसतो.

पहिल्या दिवशीचं सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन गिला वडा खाल्ला. अमरावतीला येऊन तो न खाणं बरं दिसत नाही. दोन प्लेट खाल्ला. मग दुपारचं व्याख्यान होतं ‘नवीन तेल भरताना घ्यायची काळजी’, त्यात मला जाग आली ती टाळ्या वाजल्यावर. मीही वाजवल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भट्टीजवळ फळा लावला. कंपनीच्या इंग्रजी कागदावरून मीच मराठी केलं. हातमोजे घाला, बाह्या खाली करा, गळती दिसली तर चिंधी गुंडाळू नका, सांगा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

ओमप्रकाशनं फळा दोनदा वाचला. तो अठरा वर्षांपासून भट्टी चालवतो. बार्शीटाकळीचाच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि रोज माझ्याच गाडीवर मागे बसून अकोल्याला येतो. थर्मिक खराब झालं की त्याला वासावरून कळतं. मला वासावरून फक्त जेवण कळतं. तो म्हणाला की फळा चांगला आहे, फक्त तू तो खिळा ज्या नळीत ठोकू पाहत होता ती चालू नळी होती. खिळा भिंतीत ठोकला.

हेल्मेट मोठं आहे. मान वळवली की मी वळतो आणि ते जागेवर राहतं.

३ मार्च, सोमवार

जुनं थर्मिक काळं पडलं होतं, ते काढून टाकलं. नव्या तेलाचे आठ ड्रम आले. उद्या सुरक्षा दिवस आहे. मी भगवंतरावांना सुचवलं की पहिल्या ड्रमची पूजा करू, तुमच्या हस्ते, फोटोही निघतील. ते इतके खूश झाले की मला चहा सांगितला. बावीस वर्षांत पहिला.

४ मार्च, मंगळवार

हे लिहावं की नाही, तासभर विचार केला. पण ही वही त्याचसाठी आहे.

आमच्या कारखान्यात नारळ फोडल्याशिवाय स्टेपलरसुद्धा सुरू होत नाही. ड्रम उभा करून झेंडूचा हार घातला. पूजा झाली की लगेच पंप लावायचा म्हणून ओमप्रकाशनं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, उघडंच राहू दे, मुहूर्त टळायला नको. भगवंतरावांनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ माझ्या हातात दिला. सुरक्षेचा नारळ सुरक्षावाल्यानं फोडावा. मी तो ड्रमच्या काठावर आपटला. तिसऱ्या वेळी फुटला. पाणी ड्रमच्या डोक्यावर सांडलं, कुंकवात मिसळलं, आणि वर लाल थारोळं झालं. भगवंतराव म्हणाले, सुरक्षा दिवसाच्या फोटोत हे रक्तासारखं दिसते, धुऊन टाक. मी पूजेचा तांब्या उचलला आणि सगळाच ओतला.

ड्रमच्या डोक्याला बोटभर उंच काठ असतो. पाणी बाहेर गेलंच नाही. ड्रम थोडा कलता होता. पाणी हळूच फिरलं, उघड्या तोंडाशी आलं आणि आत गेलं. गुडगुड आवाज आला. दोनदा.

मी काय केलं? हार उचलून तोंडावर नीट ठेवला. सगळे फोटो काढणाऱ्याकडे बघत होते. ओमप्रकाश तेवढा माझ्याकडे बघत होता, पण तो फोटोत नेहमी भलतीकडेच बघतो.

मग माझं भाषण झालं. मी म्हणालो, मित्रहो, चूक कोणाकडूनही होते, पण ती लपवू नका, लगेच सांगा. खूप टाळ्या पडल्या. दुपारी ड्रम पंपानं नळ्यांत रिकामा झाला.

५ मार्च, बुधवार

आठ ड्रम म्हणजे सोळाशे लिटर. त्यात एक तांब्या पाणी म्हणजे काय? लग्नाच्या वरणात दोन बादल्या जास्त गेल्या तरी वऱ्हाडी बोलत नाहीत. असं मनाला समजावत गेलो. मागे बसलेल्या ओमप्रकाशनं विचारलं, काल काही सांगायचं राहिलं काय? मला वाटलं, माझं भाषण लांबलं म्हणून टोमणा मारतो आहे. म्हटलं, सगळं सांगून झालं. तो पुढं कारखान्यापर्यंत काही बोलला नाही. त्याला टोमणा उलटवलेला आवडत नाही.

घरी आल्यावर तसलाच तांब्या काढून पाण्याच्या बाटलीनं मोजला. सव्वा लिटर. शकुननं विचारलं, पाहुणे येऊन राहिले काय. म्हटलं, नाही, कारखान्याचं काम आहे. ती म्हणाली की पगार तोच आणि आता तांबेही मोजायला लावतात.

६ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेतल्या प्रतीक्षाला गाठलं. अमरावतीची पोरगी, केमिस्ट, मला काका म्हणते. विचारलं, समजा एखाद्यानं थर्मिकमध्ये थोडं पाणी सांडलं, तर? तिनं हातातलं काम ठेवलं. पाणी जड, ते खाली बसतं, नळ्यांच्या वाकड्या जागी दडून राहतं. गरम तेल तिथं पोचलं की एका लिटरची सोळाशे लिटर वाफ होते, एका क्षणात. ती वाट शोधते, आणि तापलेल्या तेलाला फुगायला जागा म्हणून वर जी टाकी असते, तिच्या नळीतून तेलाला घेऊन बाहेर येते. त्यावर उपाय एकच. तेल हळूहळू शंभरच्या आसपास न्यायचं, तिथंच दिवसभर, दीड दिवस धरायचं, पाणी निघून जाऊ द्यायचं, आणि त्या टाकीच्या खाली माणूस उभा करायचा नाही.

“कोणी सांडलं काका?” तिनं विचारलं.

म्हटलं, तपासणीला प्रश्न येऊ शकतो म्हणून तयारी करतो आहे. ती म्हणाली की उत्तर लिहून देऊ का. मी म्हटलं, पाठ झालं.

टाकीच्या नळीचं तोंड कुठं आहे ते जाऊन पाहिलं. ओमप्रकाश ज्या व्हॉल्व्हपाशी उभा असतो, बरोबर त्याच्या डाव्या खांद्यावर.

संध्याकाळी भगवंतरावांनी बोलावलं. उद्या सकाळी भट्टी पेटवायची, संध्याकाळपर्यंत दोनशेवर न्यायची, शनिवारी माल काढायचा. सोमवारी येणाऱ्या लोकांना कारखाना चालू दिसला पाहिजे. ओमप्रकाश म्हणाला, नव्या तेलाला वेळ द्यावा लागतो. भगवंतराव म्हणाले, कंपनीचे सीलबंद ड्रम, त्यात ओल कुठून येणार? ओमप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

कारखान्याच्या वहीत लिहून आलो: ‘तेल सावकाश तापवावे असे सुचवण्यात येत आहे.’ कोण सुचवतं, का सुचवतं, काही नाही. असं वाक्य लिहायला बावीस वर्षांची नोकरी लागते.

७ मार्च, शुक्रवार

 अक्षर वाईट येईल.

सकाळी भट्टी पेटली. पंचाण्णव डिग्रीला नळ्यांतून खडखड आवाज सुरू झाला, कोणी आतून दगड लोटतं आहे असा. ओमप्रकाशनं आच कमी केली. भगवंतराव स्वतः आले, म्हणाले, थांबवली काहून? तो म्हणाला, आवाज बरा नाही. ते म्हणाले, आवाज दरवेळी येतो, कारण सांग.

ओमप्रकाश माझ्याकडे वळला. “जीवन, कारण असन तर आता सांग. माह्या शब्दावर भट्टी थांबत नाई, तुह्या शब्दावर थांबते.”

खरंच थांबली असती. त्यासाठीच तर मला नेमलं आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो की पूजेच्या वेळी नारळाचं थोडं पाणी आत गेलं असावं. भगवंतराव हसले, म्हणाले, अरे तो तर प्रसाद झाला.

“एवढंच?” ओमप्रकाशनं विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो.

कपभर पाण्याला भगवंतरावांनी दोन तास दिले. दोन तासांत आवाज थांबला. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागवला. ओमप्रकाशनं चहा घेतला नाही. दुसऱ्या बाजूच्या नळ्या उघडायच्या होत्या, तर त्यानं सगळ्यांना दाराबाहेर काढलं, मलाही. बाह्या खाली केल्या, हातमोजे घातले आणि व्हॉल्व्हपाशी गेला.

धडाका ऐकू आला. वरच्या टाकीच्या नळीतून तेल उसळून खाली आलं. आम्ही आत धावलो तेव्हा त्यानं भट्टी बंद केलेली होती, उजव्या हातानं. डावा हात तो शरीरापासून लांब धरून उभा होता. बाही चिकटली होती. तो ओरडला नाही. मीच ओरडत होतो.

नळाखाली नेलं, तर नळाचं पाणी कढत. गच्चीवरची टाकी, अकोल्याचं ऊन. मी भगवंतरावांच्या केबिनमधले गार पाण्याचे कॅन ओढत आणले आणि मगानं हातावर, मानेवर ओतत राहिलो. कोणीतरी टूथपेस्ट घेऊन आलं, त्याला मी शिवी दिली. वीस मिनिटं ओतलं. तो दातांवर दात दाबून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर म्हणाले की गार पाण्यानं हात वाचला, नाहीतर बोटं गेली असती. पार्बतावहिनींनी, ओमप्रकाशच्या बायकोनं, दवाखान्याच्या दारात मला हात जोडले. म्हणाल्या, भाऊजी, तुमी होते म्हणून. मी त्यांना म्हटलं, असं करू नका. त्यांना वाटलं, मी मोठ्या मनाचा आहे.

प्रतीक्षा भेटली. पाणी दुसऱ्या बाजूच्या नळ्यांत साचून होतं, म्हणाली. मग एवढंच म्हणाली, “काका, हे कपभर पाण्याचं काम नाही.” मी म्हटलं, नारळ मोठा होता.

१० मार्च, सोमवार

तपासणीचे लोक आले. कारखाना बंद होता, तरी खूश होऊन गेले. त्यांना माझा फळा आवडला. माझं ‘सावकाश तापवावे असे सुचवण्यात येत आहे’ त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि भगवंतरावांना म्हणाले, तुमच्या माणसानं आधीच सांगितलं होतं बघा. प्रथमोपचाराबद्दल शाबासकी दिली. पद पक्कं झालं. भगवंतरावांनी खांद्यावर हात ठेवला. हेल्मेटही बदलून मिळालं, हे अगदी बरोबर बसतं.

शकुननं शिरा केला. मला उतरला नाही. ती म्हणाली, अहो, आता तर सगळं चांगलं झालं. मी न्हाणीत जाऊन रडलो. पन्नाशीचा माणूस, नळ सोडून.

१४ मार्च, धुळवड

ओमप्रकाश घरी आला आहे. भेटायला गेलो. गल्लीत पोरं रंग खेळत होती, तो आत खाटेवर, डावा हात उशीवर. पार्बतावहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

मी म्हटलं, ओमभाऊ, तांब्या होता. सव्वा लिटर. मी मोजला.

तो म्हणाला, “माहीत हाये. म्या पायलं होतं.”

 म्हटलं, मग बोलले काहून नाही? तो म्हणाला की मंगळवारी सगळ्यांपुढं बोललो असतो तर भगवंतरावानं तुझी तिथंच वाट लावली असती. वाटलं, तूच सांगशील. गाडीवर विचारलं. गुरुवारी मालकापुढं तुझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी दोनदा विचारलं.

“तू नाई म्हटलं, अन् मले उगीच वाटलं का मीच चुकीचं पायलं असन,” तो म्हणाला. “तुह्यावर भरवसा ठेवला नं बापा.”

इतके दिवस मी या वहीत स्वतःची थट्टा करत होतो. मला वाटायचं, थट्टा केली म्हणजे कबूल केलं. त्या माणसानं मला चार वेळा दार उघडून दिलं आणि मी इथं लिहिलं की त्याला टोमणा उलटवलेला आवडत नाही.

चहा आला. पार्बतावहिनींनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी तसाच घरी आलो.

१६ मार्च, रविवार

सगळं कागदावर लिहिलं. यावेळी ‘सुचवण्यात येत आहे’ नाही. मी ओतलं, मी पाहिलं, मी लपवलं, मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. खाली सही. एक प्रत भगवंतरावांना, एक तपासणीवाल्यांना. त्याआधी ओमप्रकाशला वाचून दाखवायला गेलो.

त्यानं डोळे मिटून ऐकलं. एका ठिकाणी थांबवून म्हणाला की झाकण म्या उघडलं होतं, तेही लिही. मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून उघडं ठेवलं, तेच लिहिलं आहे. मग तो म्हणाला, “चांगलं हाये. आता हेच पार्बताले वाचून दाखव.”

मी म्हटलं, ओमभाऊ, त्यांना तुम्हीच सांगा ना. तो म्हणाला, नाही. अन् आतल्या दाराकडे तोंड करून त्यांना हाक मारली.

त्या हात पुसत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी वाचलं. दुसऱ्या ओळीनंतर मी पुटपुटत वाचायला लागलो, तर ओमप्रकाश म्हणाला, मोठ्यानं वाच. वाचलं, सहीपर्यंत. वर बघायची हिंमत झाली नाही. त्यांच्या पायाकडे बघत होतो. 

“मी तुमाले हात जोडले होते भाऊजी,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“थे पट्टी मी बदलतो रोज. सिस्टरनं शिकवलं मले. तो वरडत नाई, अन् माहे हात कापते. उद्यापासून तुमी बदला.”

१७ मार्च, सोमवार

भगवंतरावांनी कागद दोनदा वाचला. तपासणीवाल्यांना गेला का, विचारलं. गेला म्हटलं. ते म्हणाले की हे तू शुक्रवारी सांगितलं असतं तर मी दोन दिवस दिले नसते काय? मी म्हटलं, दिले असते की नसते माहीत नाही, पण मी सांगितलं नाही एवढं नक्की. नोकरीचं काय ते उद्या सांगतो म्हणाले. हेल्मेट टेबलावर ठेवून आलो.

पण हे दुपारचं. त्याआधी सकाळी आठला बार्शीटाकळीतच ओमप्रकाशकडे गेलो होतो. साबणानं हात धुतले, सिस्टरनं सांगितलं तसे, कोपरापर्यंत. पार्बतावहिनींनी उकळून गार केलेलं पाणी आणि नवीन पट्टी पुढं ठेवली. जुनी पट्टी ओली करत करत सोडायची, ओढायची नाही. शेवटचा थर निघाला तेव्हा मी पहिल्यांदा तो हात बघितला. कोपरापासून बोटांपर्यंत. इथं त्याचं वर्णन करत नाही.

ओमप्रकाश छताकडे बघत होता. एकदा फक्त त्याचा श्वास अडकला आणि मी थांबलो, तर म्हणाला, थांबू नको, थांबलं का जास्त दुखते. मी सावकाश करत राहिलो. चाळीस मिनिटं लागली.

पार्बतावहिनी दारात उभ्या राहून शेवटपर्यंत पाहत होत्या. पट्टीची गाठ त्यांनी बोटानं तपासली. ढिली होती, सोडून पुन्हा बांधायला लावली. मग म्हणाल्या, उद्या आठच्या आत या.